खडे खोटे, सोनं खरं

"खडे नकली निघाले म्हणजे अंगठीच मातीमोल," असं सांगलीत अजून सर्रास म्हणतात, आणि माणसं पांढऱ्या सोन्याची चांगली अंगठी कवडीमोलानं देऊन टाकतात. फार जीव तुटतो.

पांढरं सोनं म्हणजे चांदी नव्हे. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळतात, वर बहुधा रोडियमचा मुलामा. आतून भिंगाखाली ७५० दिसलं तर ते १८ कॅरेट. शंका असेल तर कस तपासून घ्या. समजा अंगठी ४ ग्रॅम, त्यात खडे अर्धा ग्रॅम: साडेतीनाचे ७५ टक्के, म्हणजे २.६२५ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला त्या दिवसाचा २४ कॅरेटचा दर लावा, घट (गाळताना कमी होणारं वजन) वजा करा. मजुरी सोडा, ती परत येत नाही.

खड्यांचं वजन मात्र अंदाजानं धरू देऊ नका, काढूनच तोलायला सांगा. अमेरिकन डायमंड, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याहून दीडपटीपेक्षा जड भरतो. आपल्या विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, सोनं रंगावरून नाही, गाळून ठरवतात.