गोव्याच्या छपरांवर प्लास्टिक कसे आले

गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुन्या घरांनी तो अडवला नाही, उतरत्या छपरावरून वाहू दिला. आधी माडाच्या झावळ्यांचे झाप होते, मग नळ्यांची कौले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर हळूहळू चपटी मंगळुरी कौले आली. साहित्य बदलले, उतार तसाच राहिला.

मुक्तीनंतर सिमेंटच्या सपाट गच्च्या वाढल्या आणि पाणी साचू लागले. ज्याने त्याने गळक्या स्लॅबवर पुन्हा पत्रे चढवले (म्हणजे छप्पर दोनदा बांधले!). त्यातला लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्याने गंजतो, सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू. थर्मोप्लास्टिकला जागा मिळाली ती इथे.

हे प्लास्टिक तापवले की मऊ होते, निवले की पुन्हा घट्ट. त्यामुळे सपाट छपरावर अंथरायच्या प्लास्टिकच्या चादरींच्या कडा गरम हवेने वितळवून एकजीव करता येतात. ईपीडीएम रबराच्या चादरी अशा जुळत नाहीत, त्या चिकटवाव्या लागतात. आणि गळती सुरू होते ती बहुधा सांध्यातूनच.

यातले पीव्हीसी सर्वांत जुने. मुळात ते कडक. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारे द्रव्य, मिसळून ते लवचिक केले. १९६० च्या दशकात युरोपात त्याच्या चादरी छपरांवर आल्या. पण प्लास्टिसायझर वर्षानुवर्षे झिरपून जातो, चादर आकसते, तडकते. म्हणून आत पॉलिस्टरची जाळी घालू लागले. १९९० च्या दशकात अमेरिकेत आलेल्या टीपीओने, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि रबराच्या मिश्रणाने, प्लास्टिसायझरची भानगडच टाळली. तरी त्याची सुरुवातीची काही मिश्रणे उन्हात टिकली नाहीत. नवे ते चांगले, हे छपरांच्या बाबतीत मला कधीच पटलेले नाही.

गोव्यातल्या साध्या घरावर मात्र या चादरी क्वचितच. तिथे दिसतात ते यूपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिसायझरविना केलेले कडक पत्रे. ते गंजत नाहीत. उजेडासाठी पूर्वी कौलांमध्ये एखादे काचेचे कौल बसवत, आता पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा. या प्लास्टिकचा शोध १९५३ मध्ये बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी लावला. या पत्र्याला अतिनील किरणांपासून जपणारा थर बहुतेकदा एकाच बाजूला असतो. पत्रा उलटा बसला की तो लवकर पिवळा पडतो.