सिगारेटचा धूर आणि खर्ची पडणारी अँटिऑक्सिडंट्स

फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचं असलेलं नातं 1950 मध्येच ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी आकड्यांनिशी दाखवलं होतं. धूर शरीरात नेमकं काय करतो, हे कोडं मात्र सुटलेलं नव्हतं. 1958 मध्ये लायन्स, गिब्सन आणि इन्ग्रॅम यांनी सिगारेटच्या धुरात फ्री रॅडिकल्स असल्याचं दाखवलं. ज्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो, असे हे रेणू. ज्याला भिडतील त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. मग ते पेशीचं आवरण असो, प्रथिन असो की डीएनए.

शरीर त्यांना तोंड कसं देतं, याचा मोठा धागा 1969 मध्ये हाती आला. सुपरऑक्साइड या रॅडिकलला निकामी करणं हे सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचं (एन्झाइमचं) काम असल्याचं मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते अमेरिकेतल्या विल्यम प्रायर यांचं काम. चर्च आणि प्रायर यांनी 1985 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका झुरक्यातल्या वायूत सुमारे 10 चा 15वा घात इतकी रॅडिकल्स असतात. त्यांचं आयुष्य सेकंदाहूनही कमी, तरी धूर जुना झाला म्हणून ती संपत नाहीत! कारण धुरातला नायट्रिक ऑक्साइड हवेत नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, तो आयसोप्रीनसारख्या संयुगांना भिडतो आणि नवी रॅडिकल्स तयार होतच राहतात.

रॅडिकल्सचा हा मारा थोपवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट्स म्हणतात; त्यांतल्या पहिल्यांदा खर्ची पडणाऱ्यांत क जीवनसत्त्व असतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात ते कमी आढळतं आणि शरीरात लवकर संपतं. म्हणूनच अमेरिकेत 2000 साली त्यांच्यासाठी रोज 35 मिलिग्रॅम जादा क जीवनसत्त्वाची शिफारस झाली.

मग अँटिऑक्सिडंट्सची तूट गोळ्यांनीच भरून काढली तर? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंट्सच्या गोळ्या देऊन तसं करून पाहिलं गेलं. 1994 मध्ये निकाल आला आणि सगळेच हादरले: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

या दोन निकालांच्या मधे, 1995 मध्ये, आणखी एक नोंद झाली. मेदाचं ऑक्सिडीकरण झाल्याची खूण असलेली एफ2-आयसोप्रोस्टेन्स धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात वाढलेली दिसली. दोन आठवडे सिगारेट बंद ठेवल्यावर ती उतरली, कुठल्याही गोळीविना.