थेरपिस्टचं 'हं' आणि तुमचं बोलणं

(नवीन क्लायंटसाठी, आणि बरेच दिवस येतायत त्यांच्यासाठी पण)

आम्हाला खूपदा ऐकायला मिळतं की मॅडम नुसत्या हं हं करतात, मान डोलावतात, त्याचे कसले पैसे? प्रश्न रास्त आहे. पण ते हं "नुसतं" नसतं हीच तर भानगड आहे.

1955 साली जोएल ग्रीनस्पून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग छापून आला. समोरच्याला सांगायचं की सुचतील ते सुटे शब्द बोलत रहा, वाक्यं नकोत, आणि तो अनेकवचनी नाम बोलला की प्रयोग करणारा हळूच म्-हम् करणार, बाकी वेळ गप्प. अनेकवचनी शब्द वाढत गेले, आणि हे कशामुळे होतंय याचा बहुतेकांना पत्ताच नव्हता. यालाच रीइन्फोर्समेंट म्हणतात, दाद मिळाली की ती गोष्ट आपण परत करतो, दाद एवढीशी का असेना.

आता तुम्ही म्हणाल सुटे शब्द वेगळे आणि थेरपी वेगळी. तर कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं ऐका. थेरपिस्टने दिशा द्यायची नाही, क्लायंटच्या मागून चालायचं, हे सांगणारा हा माणूस, आणि सेशन रेकॉर्ड करायची पद्धत रुळवण्यातही तो पुढे होता. 1966 मध्ये चार्ल्स ट्रुऑक्स या मानसशास्त्रज्ञाने रॉजर्सच्याच एका लांबलेल्या केसची रेकॉर्डिंग तपासली तर दिसलं की रॉजर्सची आपुलकी सगळ्या बोलण्याला सारखी मिळत नव्हती, काही प्रकारच्या बोलण्याला जास्त मिळायची आणि त्यातलं बरंचसं बोलणं पुढे वाढलेलं. रॉजर्सची ही गत तर आमची काय कथा.

प्रत्यक्षात कसं होतं बघा. तुम्ही घरभाड्याचं टेन्शन सांगताय, थेरपिस्ट ऐकतोय, मग ओघात वडिलांचा विषय निघतो आणि तो जरा पुढे सरकतो, पेन उचलतो. त्याच्याही लक्षात नाही, तुमच्याही नाही. काही सेशननंतर तुम्ही येऊन थेट वडिलांवरच बोलायला लागता आणि भाडं राहतं बाजूला, ते थकलेलं असतंच. किंवा रडू आलं की टिश्यूचा बॉक्स झटकन पुढे येतो, हेतू चांगलाच, पण काही जणांना त्यातून "आता पुरे" असंच ऐकू येतं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड पेशंटला कोचावर झोपवून स्वतः मागे बसायचा. त्याने 1913 मध्ये कारणं लिहिली, एक म्हणजे दिवसभर कोणी आपल्याकडे टक लावून बघणं त्याला सोसायचं नाही, आणि दुसरं, आपल्या चेहऱ्यावरचे भाव बघून पेशंटवर परिणाम होऊ नये. पण मागे बसलं तरी आवाज जातोच की. अगदी गप्प बसावं तर गप्प बसण्याचाही अर्थ लागतो. ऑनलाइन सेशनला तर वेगळीच गंमत, नेट स्लो असेल तर आमचं हं दोन वाक्यं उशिरा, भलत्याच वाक्यावर पडतं.

आणि हे एकतर्फी नसतं बरं का. "तुमच्याशी बोललं की किती हलकं वाटतं" हे ऐकायला आम्हालाही आवडतं, मग थेरपिस्ट नकळत तेच करत राहतो ज्याने तुम्हाला हलकं वाटेल, आणि जो विषय काढल्यावर तुमचा चेहरा पडतो तो टाळतो. सगळं छान चाललंय असं दोघांनाही वाटतं आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे.

आम्ही काय करतो? तुमची लेखी परवानगी असेल तरच सेशन रेकॉर्ड करतो आणि दुसरा सिनियर थेरपिस्ट ते ऐकतो, याला सुपरव्हिजन म्हणतात. कुठे हं केलं, कुठे विषय बदलला, हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही. परवानगी द्यायची नसेल तर नका देऊ, त्याने थेरपीत फरक पडणार नाही.

तुमच्या बाजूने एवढं करा. सेशनला निघताना आज काय बोलायचंय ते मोबाईलमध्ये लिहून आणा, आणि संपायच्या दहा मिनिटं आधी बघा त्यातलं काय राहिलं. "आत्ता तुम्ही काय लिहिलंत?" हे बिनधास्त विचारा, कोणी रागावणार नाही. थेरपिस्ट बदलून हवा असेल तर रिसेप्शनला सांगा, कारण द्यावं लागत नाही, वेगळी फी नाही.