घाटात उलटी होणारी मुलगी रोलर कोस्टरवर बसू शकते का?

गेल्या नवरात्रात आमच्या घरी एक वाद चांगलाच रंगला. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरत होतं आणि तिथल्या नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरवर माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला बसू द्यायचं की नाही, हा प्रश्न होता. पायाखाली फरशी नाही आणि पाच ठिकाणी डोकं खाली, पाय वर, असा तो कोस्टर. वहिनीने लगेच निकाल दिला. "वणीला जाताना नांदुरीच्या घाटात दोनदा गाडी थांबवावी लागते. हातात पिशवी घेऊन बसलेली असते पोर. तिला हे कसलं झेपतंय!" दादा म्हणाला, "मी आहे ना. मला काही होत नाही. माझ्या शेजारी बसेल ती."

मी नाशिकला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. मला दोघांचंही पटेना, पण का पटत नाही ते तेव्हा नीट सांगताही येईना. 'झेपणं' हा शब्द आपण सहज वापरतो. शरीराला नेमकं काय झेपायचं असतं, हे शोधायला बसले आणि त्यातून बरंच काही हाती लागलं.

कोस्टरची जाहिरात उंची आणि वेगाचे आकडे सांगते. शरीराला वेग कळतच नाही. पंचवटी एक्स्प्रेस ताशी १०० किलोमीटरने धावत असते आणि आपण निवांत चहा पीत असतो. ४० मीटर उंचीवरून सुटलेला डबा खाली येईपर्यंत साधारण तेवढाच वेग घेतो. त्यात बसणारा हडकुळा पोरगा असो की वजनदार काका, हिशोब तोच. शरीराला कळतो तो वेगातला बदल. आत्ता तुम्ही खुर्चीत बसला आहात आणि खुर्ची तुम्हाला तुमच्या वजनाइतक्या बळाने वर रेटते आहे, याला १ जी म्हणायचं. डबा उतारावरून खाली येऊन एकदम वर वळला की सीट त्याच्या तीन-चार पट जोराने रेटते. ४ जी असेल तर ३० किलोच्या मुलीला आपण १२० किलोचे झालो असं वाटतं. त्यातलं डोकं साधारण ४ किलोचं धरलं, तर त्या क्षणी मानेवर १६ किलोंचा भार असतो.

मग किती जी म्हणजे जास्त? याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. खुर्चीत धप्पकन बसताना डोक्याला क्षणभर १० जीच्या आसपास झटका बसतो, असं १९९४ मध्ये काही संशोधकांनी मोजून दाखवलं आहे, आणि आपण उठून कामाला लागतो. जॉन स्टॅप या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने तर १९५४ मध्ये रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतलं, ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि दीड सेकंदाच्या आत गाडी थांबवून ४६ जी सोसले. डोळ्यांत रक्त उतरलं, पण माणूस वाचला. उलट लढाऊ विमानात ५ जी काही सेकंद टिकले, तर तयारी नसलेला धडधाकट तरुणही शुद्ध हरपतो.

फरक आहे तो वेळेचा आणि दिशेचा. मेंदू हृदयापासून साधारण ३० सेंटीमीटर वर असतो आणि तिथवर रक्त चढवायला हृदयाला २२-२३ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्ची घालावा लागतो. जी वाढला की रक्ताचा हा स्तंभ त्याच पटीत जड होतो. ४ ते ५ जीला हृदयाचा जवळजवळ सगळा दाब तिथेच संपतो आणि मेंदूपर्यंत रक्त पोचेनासं होतं. आधी रंग फिके पडतात, कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख. मेंदूजवळ प्राणवायूची शिल्लक मात्र चार-पाच सेकंदांची असते. म्हणून एखाद्या सेकंदाचा ४ जी चालून जातो. कोस्टरचे सुरक्षा नियमही यामुळेच एका आकड्यावर थांबत नाहीत. अमुक दिशेने अमुक जी अमुक सेकंदांपर्यंतच, अशी उतरती मर्यादा त्यांत आखलेली असते.

हे कळायला पहिल्या पिढीच्या लोकांना चांगलीच किंमत मोजावी लागली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर सुरू झाला. त्यात डबा उभ्या चक्रातून उलटा होऊन जाई आणि ते चक्र होतं अगदी गोल, जेमतेम साडेसात मीटर व्यासाचं. आता बारावीचं गणित करून पाहा. माथ्यावर डबा खाली पडू नये एवढाच वेग ठेवायचा म्हटलं, तरी तळाशी बसणाऱ्याला ६ जी सोसावे लागतात. चक्र लहान करा, मोठं करा, आकडा बदलत नाही. शिवाय सपाट रुळावरून थेट वर्तुळात शिरताना हा भार हळूहळू न वाढता एकदम आदळतो. लोकांच्या माना दुखावल्या आणि तो कोस्टर फार काळ चालला नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने चक्राचा आकारच बदलला. तळाशी वळण रुंद, वर जाताना आवळत गेलेलं, उलट्या धरलेल्या थेंबासारखं. रेल्वेचे रूळ वळणात शिरताना हीच युक्ती वापरतात. मला या आकाराचं फार अप्रूप आहे. दिसायला नुसतं सुंदर वळण, पण त्यात माणसाच्या मानेची काळजी आहे.

अर्थात आजही चुकतं. जपानच्या फुजी-क्यू पार्कमधला डो-डोडोनपा १.५६ सेकंदांत शून्यावरून ताशी १८० किलोमीटरचा वेग घेई, म्हणजे सरासरी ३ जीच्या वर पाठीवर दाब. कागदावर हा आकडा भयंकर वाटत नाही. पण मान आणि पाठीची हाडं मोडल्याच्या तक्रारी प्रवाशांकडून आल्या, ऑगस्ट २०२१ मध्ये तो थांबवला गेला आणि २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. त्या १.५६ सेकंदांत कोणी कसं बसलं होतं, पाठ टेकलेली होती की पुढे वाकलेली, हे आकड्यात कुठे दिसतं?

आता घाटाकडे येऊ, कारण वहिनीचा सगळा भरवसा घाटावर होता.

कानाच्या आत, हाडाच्या कप्प्यात, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतलं पाणी डोकं फिरलं की मागे रेंगाळतं आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. शेजारी मऊ गादीवर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे, बारीक कण पसरलेले असतात. ते घरंगळले की सरळ रेषेतला धक्का किंवा कल कळतो. नांदुरीहून गडावर चढताना हे सगळं सतत डावीकडे-उजवीकडे हेलकावत असतं. आणि पोर मागच्या सीटवर बसून पुढच्या सीटच्या पाठीकडे नाहीतर मोबाइलकडे बघत असते. कान सांगतो 'हलतोय', डोळा सांगतो 'स्थिर आहे'. ही तक्रार मिटत नाही म्हणून गाडी लागते. यात जोर महत्त्वाचा नाहीच. वळणावर ताशी ४० ने गेलं तरी बाजूचा जी पाव असतो फार तर. मळमळ सगळ्यात जास्त होते ती साधारण पाच सेकंदांत एक, अशा संथ हेलकाव्याने. बोट लागते ती यानेच. उंटावरही लागते. शिवाय ती साचत जाते. पहिल्या पाच मिनिटांत काही नसतं आणि विसाव्या मिनिटाला पिशवी लागते. वयाचंही आहे. नऊ-दहाच्या आसपास हा त्रास सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो.

कोस्टर मात्र दोन-अडीच मिनिटांत संपतो. धक्के जोरदार असतात, पण झटपट. आणि उघड्यावरच्या कोस्टरवर समोरचा रूळ दिसतो, म्हणजे डोळा आणि कान एकच गोष्ट सांगत असतात. लागोपाठ तीन फेऱ्या मारल्या तर भल्याभल्यांना मळमळेल, ते वेगळं. पण घाटातली उलटी हे कोस्टर न झेपण्याचं प्रमाणपत्र धरता येत नाही. उलट अंधारातले कोस्टर आणि पडद्यावर दृश्य दाखवत खुर्ची हलवणारे खेळ अशा मुलांना जास्त त्रास देऊ शकतात, आणि आपण नेमके तेच 'हे तर साधंच आहे' म्हणून आधी निवडतो.

एवढं वाचल्यावर करून बघणं आलंच. कालिका मातेची यात्रा घराजवळच भरली होती. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, ते मोबाइलमधल्या संवेदकाने त्वरण मोजतं. भाचीच्या पँटच्या चेनच्या खिशात मोबाइल घातला, चेन दोनदा तपासली आणि आधी आकाशपाळण्यात बसलो. वर जाताना देवळाचा कळस, जुन्या आग्रा रोडवरची गर्दी, खाली भाजत असलेल्या कणसांचा धूर, आणि माथा ओलांडून पाळणा खाली सुटला की पोटात तो गोळा. उतरून आलेख पाहिला तर ८ ते १२ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे ०.८ ते १.२ जी. एवढ्याशा बदलाला सगळं कुटुंब किंचाळत होतं!

मग कोलंबस. ती मोठी होडी दोन्हीकडे झुलत साधारण ६० अंशांपर्यंत चढते. गणित सांगतं की टोकाला अर्धा जी उरला पाहिजे आणि तळाशी दोन. आलेखात जवळपास तेच आलं, ५ पासून १९ पर्यंत लाटांवर लाटा. भाचीने एका लाटेच्या खळग्यावर बोट ठेवलं. "आत्या, इथे गोळा आला होता. दर वेळी इथेच." मला त्या क्षणी जे वाटलं ते वर्गात क्वचितच वाटतं. तिला सांगितलं, आपली आतडी आणि जठर पडद्यांना लोंबकळत असतात. वजन कमी झालं की ती ओढ सैल पडते, आतली इंद्रियं किंचित वर तरंगतात, आणि मेंदूला 'पडतोय' अशी वर्दी जाते. जास्त जीने गोळा येत नाही, कमी जीने येतो. "मग तो आला तर घाबरायचं नाही ना?" "घाबरायचं असेल तर घाबर. पण आत काही तुटत नाहीये, हे माहीत असू दे."

तिने होडीच्या अगदी टोकाला बसून दुसरी फेरी मागितली. उतरल्यावर चेहरा लाल, पाय स्थिर, आणि भेळ खाल्ली. माझ्या मते पार्कच्या पाटीवरच्या तारे-चिन्हांपेक्षा ही परीक्षा जास्त सांगते. लहान झोक्यावरून मोठ्यावर जावं, प्रत्येकानंतर दहा मिनिटं थांबावं आणि मुलांनी 'नको' म्हटलं की तिथेच विषय संपवावा. 'अरे, काही होत नाही' म्हणत रडणाऱ्या मुलाला उचलून आत बसवणारे आईबाप मी त्या रात्रीही पाहिले, आणि ते बघवत नाही. घाबरलेलं मूल अंग आखडून, मान वाकडी करून बसतं. त्या बसण्यानेच इजा होण्याचा धोका वाढतो.

या सगळ्यात ज्याच्याबद्दल कोणी शंकाच घेतली नव्हती, तो माणूस म्हणजे दादा. वय ४८, रक्तदाबाची गोळी सुरू, आणि गेल्या वर्षी दोन महिने मानेला पट्टा. २००५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ६२ मीटर उंच कोस्टरवर ५५ निरोगी लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. बसण्यापूर्वी सरासरी ९१ होते, ते फेरीत १५३ वर गेले. बसल्या जागी, एक पाऊलही न उचलता. निरोगी हृदय हे सहज पेलतं. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा पेसमेकर आहे त्यांनी टाळावं, असा सल्ला त्या डॉक्टरांनी दिला. मानेचं दुखणं असणाऱ्याला तर १६ किलोंचं डोकं हा हिशोबच पुरेसा आहे. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. "मला काही होत नाही" हे दादाचं वाक्य विशीतल्या दादाबद्दल खरं होतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो थोडा वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "बरं, मी बॅगा सांभाळतो."

कुठे बसायचं हा भाचीचा पुढचा प्रश्न. एकाच गाडीत पुढच्या आणि मागच्या डब्यात वेगळं सोसावं लागतं. माथा ओलांडताना पुढचा डबा घुटमळतो. मागचा डबा येईपर्यंत पुढच्यांचं वजन त्याला खेचू लागलेलं असतं, म्हणून मागच्या डब्यात सीटवरून वर फेकलं गेल्यासारखं जास्त वाटतं. अमेरिकेत २०१६ मध्ये डॉक्टरांनी मूत्रपिंडाची प्रतिकृती पिशवीत घालून डिस्नेच्या एका कोस्टरवर फिरवली. मागच्या सीटवर जवळजवळ ६४ टक्के मुतखडे सरकून बाहेर पडले, पुढच्या सीटवर १७ टक्के. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधल्या रांगेत बसावं, डोकं मागे टेकवावं आणि डोळे उघडे ठेवावेत.

राहिली उंचीची अट. बऱ्याच लोकांना ती धाडसाची पातळी वाटते. ती खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याच्या मापाची असते. पट्टा जिथे छातीच्या आणि मांडीच्या हाडांवर टेकायला हवा, तिथे लहान मुलात तो पोटावर किंवा गळ्याशी येतो आणि वजन हलकं झालेल्या त्या अर्ध्या सेकंदात अंग सरकायला जागा मिळते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर वहिनी दर वाढदिवसाला पेन्सिलीने रेघ ओढते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भाचीला तिथे उभं केलं, टाचा भिंतीला, वही डोक्यावर आडवी. दोन सेंटीमीटर कमी भरली. जाड तळाचे बूट घालू का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. खोपोलीला गेलो, तिने बाकीचे पाळणे मनसोक्त केले, नायट्रोखाली उभं राहून डबे मोजले, आणि आता चौकटीवर दर महिन्याला रेघ ओढली जाते.