थिबा राजवाडा पाहायला निघण्यापूर्वी

आमच्या गाडीने रत्नागिरी फिरणाऱ्या पाहुण्यांनो, नमस्कार.

बहुतेक मंडळी थिबा राजवाडा पंधरा मिनिटांत उरकतात आणि सूर्यास्त गाठायला थिबा पॉइंटकडे पळतात. आमची विनंती आहे, इथे निदान तासभर काढा.

हा वाडा इंग्रजांनी बांधला तो एका कैद्यासाठी. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि राजाला राण्या-मुलींसह बोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती. मुंबईहून यायचं तर आगबोटीने, आणि पावसाळा लागला की बोटीही बंद. पळून जाणार कुठे? आणि भेटायला तरी कोण येणार?

पहिली २४ वर्षं कुटुंबाने बंगल्यांत काढली. वाडा मिळाला १९१० साली. जांभ्या दगडाचं तांबडं बांधकाम, उतरती छपरं, नक्षीदार सागवान. खिडक्यांवरच्या अर्धगोल कमानी जवळ जाऊन पाहा, लाकडावरचं कोरीव काम लांबून कळत नाही. वरच्या मजल्यावर गेलात की भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. ज्या वाटेने आणलं तीच वाट समोर, आणि परत जायची परवानगी नाही. आम्हाला तिथे उभं राहिलं की दरवेळी गलबलून येतं.

डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राणी सुपयालातला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, सरकारने नाही म्हटलं. शेवटी १९१९ मध्ये रत्नागिरीतच त्याची समाधी झाली आणि त्याच वर्षी राणी रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा इथे आली. तिचा शेवटही रत्नागिरीतच झाला, १९४७ साली.

आता वाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. जुनी शिल्पं आहेत, राजाच्या वापरातल्या काही वस्तूही आहेत. सोमवारी बंद असतं, त्यामुळे त्या दिवशीचा बेत आम्ही बदलून देतो. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, पाय जपून टाका.

राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. आपले पर्यटक फारसे जात नाहीत. चालकाला नुसतं सांगा, तो गाडी तिकडे वळवेल. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.