दृढीकरणाचा वर्ग: पाळकांची छाप कुठून आली

श्रद्धा कुणामुळे रुजली असं विचारलं की अनेक ख्रिस्ती माणसं एखाद्या पाळकांचं नाव घेतात. आठवण मात्र प्रवचनाची क्वचितच असते. असते ती बहुधा दृढीकरणाच्या वर्गाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी विश्वास पक्का करण्याचा जो विधी होतो त्याच्या तयारीची. हा वर्ग सुरुवातीला नव्हताच. आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा, तैलाभिषेक आणि हात ठेवणं एकाच प्रसंगी होत असे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत धर्मगुरू आजही तान्ह्या बाळाचा अभिषेक बाप्तिस्म्यालाच करतात. पश्चिमेत हा अधिकार बिशपांकडे राहिला आणि बिशप गावोगावी वेळेवर पोचेनात. दोन विधींमध्ये वर्षांचं अंतर पडलं. पाळकांना मुलांजवळ जाता आलं ते या अंतरामुळे.

मार्टिन लूथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीच्या (श्रद्धेचे धडे प्रश्नोत्तरांत देणाऱ्या पुस्तिकेच्या) प्रस्तावनेत पाळकांसाठी पद्धत दिलेली आहे. दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) आणि प्रभूची प्रार्थना यांचा एकच पाठ निवडायचा आणि वर्षानुवर्षं त्यातला शब्दही बदलायचा नाही, कारण शब्द बदलले की मुलं गोंधळतात. पाठ झाल्यावर अर्थ, तोही एकेक आज्ञा घेऊन, घाई न करता. विस्तृत विवेचन त्यानंतर. पुढे बहुतेक ठिकाणी पहिली पायरी तेवढी टिकली. पाठांतर तपासायला सोपं, अर्थ उमगला की नाही हे तपासायला वेळ लागतो.

खरा गुंता ‘दृढीकरण’ या शब्दात आहे. दृढ कोण करतं? कॅथलिक शिकवणीत पवित्र आत्मा मुलाला बळ देतो, मूल घेणारं. 1539 साली जर्मनीतल्या हेसेमध्ये जी रीत घातली गेली तिच्यात मुलाची मंडळीसमोर परीक्षा, त्याची स्वमुखाने कबुली आणि मग हात ठेवणं, असा क्रम होता. इथे बाप्तिस्म्याचं वचन मूल स्वतः पक्कं करतं. पहिल्या अर्थाने पाळक तयारी करून घेणारे, दुसऱ्या अर्थाने मुलाचं मन ऐकणारे. बऱ्याच मंडळ्यांत दोन्ही अर्थ एकाच विधीत मिसळलेत आणि पंधरा वर्षांच्या मुलाला आपण नक्की काय करतोय हे कुणी सांगत नाही.

1736 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेत दृढीकरण कायद्याने सक्तीचं झालं. त्याशिवाय लग्न लागेना. प्रश्नोत्तरी वाचता यावी म्हणून तिथे साक्षरता वाढली, हे श्रेय मोठंच. पण पाळकांच्या नोंदवहीत मुलाच्या ज्ञानाचा शेरा पडू लागला आणि विश्वासाचं बोलणं परीक्षेचं झालं. नॉर्वेत ही सक्ती 1912 पर्यंत राहिली. ज्याच्या हातात लग्नाचा परवाना, त्याच्यापाशी शंका कोण बोलून दाखवणार? या निर्णयाचं नुकसान फायद्याहून खोल गेलं.

1910 मध्ये रोमने पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे प्रभुभोजनात पहिल्यांदा भाग घेण्याचं, वय सातच्या आसपास आणलं. अनेक ठिकाणी दृढीकरण त्यानंतर गेलं आणि आधी दृढीकरण, मग ख्रिस्तप्रसाद हा जुना क्रम उलटला. प्रोटेस्टंटांतही पुढे कित्येक मंडळ्यांनी प्रभुभोजनासाठीची दृढीकरणाची अट काढून टाकली. वर्गाला मग पदवीदानाचं रूप येऊ लागलं: विधी झाला, मूल दिसेनासं झालं. हे टाळायचं तर विधीआधी प्रत्येक मुलाशी पाळकांनी एकट्याने, वही बाजूला ठेवून बोलावं लागतं आणि विधीनंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याला उपासनेत शास्त्रवाचनासारखं नेमकं काम द्यावं लागतं. अध्याय आठवडाभर आधी द्यावा, अवघड नावं त्याच्याबरोबर बसून मोठ्याने म्हणून घ्यावीत.