मग्दालीया मरीया वेश्या नव्हती

बायबलवर ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे बरेच जण मग्दालीया मरीयेला, म्हणजे येशूच्या एका अनुयायी स्त्रीला, वेश्या म्हणूनच उभी करतात. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, असं कुठेही नाही. त्यांपैकी लूकच्या ८व्या अध्यायात तिच्यातून सात भुतं निघाल्याचं आहे, आणि इतर स्त्रियांसोबत ती पदरच्या पैशानं येशूची सेवा करत होती, एवढंच. येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुसणारी पापी स्त्री येते ७व्या अध्यायात. तिचं नावच दिलेलं नाही. इ.स. ५९१च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी प्रवचनात या दोघी आणि बेथानी गावची दुसरी एक मरीया एकच ठरवल्या. पश्चिमेत तेच रुजलं. पूर्वेकडच्या चर्चनं त्यांना वेगळंच मानलं, आणि १९६९च्या सुधारित धार्मिक पंचांगात रोमन कॅथलिक चर्चनंही ही सरमिसळ सोडून दिली.

कल्पनेला मोकळीक हवीच, पण नसलेला कलंक चिकटवायला नव्हे. योहानाच्या २०व्या अध्यायातली मरीया पाहा: अंधारातच येशूच्या कबरेशी आलेली, रडताना पुन्हा जिवंत झालेल्या येशूला माळी समजणारी, त्यानं नावानं हाक मारताच ओळखणारी. आपलं माणूस गमावल्याचा स्वतःचा अनुभव इथे जरूर ओता. तिचं मग्दाला गाव गालील समुद्राकाठचं, मासे खारवण्याच्या धंद्याचं. तिच्याकडे पैसा कुठून आला, घरात कोण होतं, याबद्दल शास्त्र काहीच सांगत नाही. कादंबरीकाराला तिथे भरपूर वाव आहे.